बंबाचं झाकण

पुण्यात एखाद्या घरी पाणी कुठलं येतं, हे मला घरमालकाला विचारावं लागत नाही. गीझरच्या खालचे नट सोडवून एलिमेंट बाहेर ओढलं की समजतं. कसब्यात, शनिवार-नारायण पेठेत आठ-दहा वर्षं चाललेलं एलिमेंट बहुतेक वेळा काळपट तांबूस निघतं. वर पिठूळ थर असतो, तो बोटानं पुसला जातो. वाघोलीत, पिसोळीत, जिथे सोसायटी बोअरवर आणि टँकरवर चालते, तिथे दोन वर्षांत ते एलिमेंट ओळखू येत नाही. पोवळ्यासारखे फुटवे आलेला पांढरा-पिवळट लेप आणि टाकीच्या तळाशी ओंजळी ओंजळीनं काढाव्या लागणाऱ्या खपल्या. गीझर मात्र दोन्हीकडे त्याच बनावटीचा, तेवढ्याच लिटरचा. गिऱ्हाईक कंपनीला शिव्या घालतं. मी म्हणतो, "काका, गीझर चांगला आहे, पाणी बघा."

माझे आजोबा तांबट आळीत बंब घडवायचे. वडील बंब दुरुस्त करत आणि बंब संपत आले तेव्हा गीझरकडे वळले. मी गीझर, वॉशिंग मशीन, सोलर, पाण्याशी संबंध येणारं जे जे घरात असतं ते बघतो. पाणी जाताना मागे काय ठेवून जातं, त्यावर आमच्या घराच्या तीन पिढ्या जेवल्या.

आताच्या मुलांनी बंब पाहिला असेल तर हॉटेलच्या दारात, आत मनीप्लँट लावलेला. म्हणून थोडं सांगतो. तांब्याचा पत्रा ठोकून, मठारून केलेलं उभं पिंप. मठारकाम म्हणजे गोल तोंडाच्या हातोडीनं पत्र्यावर शेजारी शेजारी घाव घालत जाणं. त्यानं पत्रा कणखर होतो आणि अंगावर ते चमकते ठसे उमटतात. पिंपाच्या मधोमध आरपार नळकांडं, खाली जाळी, जाळीखाली राखेची जागा. नळकांड्यात ढलप्या, करवंट्या, गोवऱ्यांचे तुकडे, कोळसे टाकायचे. भोवतीचं पाणी तापायचं. खाली पितळी तोटी, वर पाणी ओतायचं तोंड आणि त्यावर झाकण. बादलीभर कढत पाणी काढलं की तेवढंच गार पाणी वरून ओतायचं, हा घरातला कायदा होता. तो मोडणाऱ्याला पुढच्या माणसाच्या शिव्या बसत.

त्या झाकणाबद्दल मला बोलायचं आहे. बंबाला झाकण होतं म्हणजे त्यात हात जात होता. आत काय साठलंय ते दिसत होतं. दिवाळीत नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी बंब घासायचा, ही घरोघरची रीत होती. बाहेरून चिंच-मीठ, राख, रांगोळी. आतलं पाणी पूर्ण काढून गाळ उपसायचा, नळकांड्यावरचं किटण खरवडायचं, मग नवं पाणी भरायचं आणि गळ्यात झेंडूची माळ घालायची. कोकणात आणि गोव्यात न्हाणीतल्या भाणाला कारिटाचे वेल गुंडाळतात, तोच हा प्रकार. लोक त्याला धर्म म्हणत. माझ्या दृष्टीनं ती वार्षिक देखभाल होती, आणि धर्माच्या नावावर असल्यामुळे ती चुकत नसे.

आजोबांची तपासणी कानानं चालायची. बंबावर बोटाच्या पेरानं टिचकी मारायची. स्वच्छ बंब खणखणतो. आत थर धरलेला बंब बद वाजतो. बद वाजणारे बंब पेठांतून फारसे येत नसत, असं वडील सांगायचे. ते यायचे शिरूरहून, दौंडकडून, सासवडच्या पलीकडून. विहिरीवरच्या गावांतून. सुट्टे करून, आतली खपली ठोकून काढून, पुन्हा झाळून दिले की वर्ष-दोन वर्षं बघायला नको. पेठेतले बंब मात्र ठेचाळले, तोटी गळायला लागली, तरच दुकान दाखवायचे.

असं का, याचं उत्तर डोंगरात आहे. सह्याद्रीवर पडलेला पाऊस काळ्या पाषाणावरून धावत ओढ्यात, ओढ्यातून मुठेत, तिथून तळ्यात येतो. दगडाशी त्याची गाठ फार वेळ पडत नाही, त्यामुळे त्यातून तो फारसं काही उचलत नाही. जमिनीत मुरलेल्या पाण्याचं तसं नसतं. मातीतून खाली जाताना ते मुळांनी आणि कुजणाऱ्या पाल्यानं सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं, आणि मग खडकाच्या फटींत बसून वर्षानुवर्षं दगड चाटत राहतं. दख्खनचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही भरपूर. पाणी ते हळूहळू बायकार्बोनेटच्या रूपात पोटात घेतं. काळ्या रानात नांगराला लागणारे चुनखडीचे पांढरे खडे याच व्यवहारातले. ते खडे भट्टीत भाजून, घाणीत मळून चुना करायचा आणि त्या चुन्यात वाडे बांधायचे.

पेशव्यांच्या पुण्याचं नशीब असं की त्यांनी पाणी डोंगराकडून आणलं. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेबांच्या काळात कात्रजला तलाव बांधला आणि तिथून आठ-दहा किलोमीटर शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडी नळ आणला. नळ म्हणजे पाइप नव्हे. माणूस आत शिरून चालू शकेल असा बांधीव बोगदा. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास. उच्छ्वासातून हवा खेळायची आणि उतरून सफाईही करता यायची. पाणी उतारानं वाहत पेठांतल्या हौदांत पडायचं: काळा हौद, बदामी हौद, फडके हौद. पुढे नाना फडणविसांनी नऱ्हे-आंबेगावकडून दुसरा नळ सदाशिव पेठेत आणला. माझ्यासारख्याला यात जास्त कौतुक उच्छ्वासांचं वाटतं. एवढं मोठं काम जमिनीखाली पुरून टाकलं, पण उघडून बघायची सोय ठेवली.

मग इंग्रज आले. लष्कराला पाणी हवं, कालव्याला पाणी हवं, म्हणून कर्नल फाइफ यांच्या योजनेनुसार मुठेवर खडकवासल्याला दगडी धरण झालं, १८७९ च्या सुमारास. त्या जलाशयाला फाइफ यांचंच नाव दिलं होतं. धरणातून निघालेला उजवा कालवा शहराच्या अंगणातून हडपसरवरून पुढे दौंड-इंदापूरकडे गेला. पुण्याला नळाचं पाणी मिळालं ते इथलं, म्हणजे पुन्हा डोंगराचंच. साबणाला भरपूर फेस, अर्ध्या तासात तूरडाळ मऊ, बंबात पिठूळ थरापलीकडे काही नाही. पुणेकरांना आपल्या पाण्याचा अभिमान वाटतो तो उगाच नाही, मात्र त्याचं श्रेय ते पुण्याच्या हवेला देतात. द्यायला हवं मावळातल्या पावसाला.

वाड्यावाड्यांत विहिरी, आड होतेच. नळ आल्यावर ते धुण्याभांड्यापुरते, पुढे कचरा टाकण्यापुरते राहिले. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं, आणि गावातला पाणीपुरवठा कोलमडला. तेव्हा पुण्यानं पुन्हा आडात पोहरा सोडला. आमची आजी पुराच्या गोष्टी सांगताना पाणी कुठवर चढलं हे सांगायचीच, पण तिचा खरा राग वेगळ्यावर होता: "डाळ शिजेना गं बाई. दोन शेगड्या कोळसा गेला तरी दाणा तसाच." डाळीच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन कॅल्शियमच्या संगतीत आणखी घट्ट होतं, म्हणून तूर टणक राहते. आजीला हे ठाऊक नव्हतं. चिमूटभर खायचा सोडा घालायचा हे ठाऊक होतं. विहिरीवरच्या गावांत हे सगळे उपाय अंगवळणी पडलेले असत. तिथे केसांना साबण लावला तर चिकटा बसतो, कारण साबण कॅल्शियमशी मिळून पाण्यात न विरघळणारा मळ तयार करतो. शिकेकाई-रिठ्याचं तसं होत नाही. पूर्वीच्या बायका साबणाला नाक मुरडत ते सगळंच जुनाटपणातून नव्हतं.

विहीर तरी उथळ. पावसाळ्यात नवं पाणी भरलं की तिचा जडपणा थोडा उतरतो. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे हवेच्या दाबावर चालणारी, थेट काळा पाषाण फोडणारी यंत्रं महाराष्ट्रभर फिरली आणि बोअर हा प्रकार घरोघर माहीत झाला. जालना पंप, सोलापूर पंप हे हातपंप त्या काळातले. त्यातूनच पुढे देशभर गेलेला इंडिया मार्क टू घडला. भूजल सर्वेक्षणाची राज्याची यंत्रणाही १९७२ सालचीच. माणसं आणि जनावरं त्या बोअरनी जगवली, त्याला कोण नावं ठेवील? पण उथळ विहिरीच्या खालचं, खडकात अधिक काळ मुरलेलं पाणी आता रोजच्या वापरात आलं. आणि नेमक्या याच सुमारास पाणी तापवायचं भांडं बंद होत चाललं होतं.

बंद होत होतं म्हणजे अक्षरशः बंद. गीझरला झाकण नसतं. वर पत्र्याचं कवच, मध्ये उष्णता धरायचं फोम, आत टाकी, टाकीच्या तळातून शिरलेलं दोन किलोवॅटचं एलिमेंट. चहूबाजूंनी दाबाखाली भरलेली टाकी. बंबात तापणारा पृष्ठभाग म्हणजे ते सबंध नळकांडं. थर बसला तरी हातभर लांबीवर पसरून बसायचा. एलिमेंट बोटाएवढ्या जाडीचं. जितकी उष्णता बंबाच्या एवढ्या अंगातून यायची तितकी इथे एवढ्याशा नळीतून निघते आणि बायकार्बोनेट तिथेच, त्या नळीच्या कातडीवर फुटतं. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, कॅल्शियम कार्बोनेट मागे राहतं. म्हणजे चुनखडीच. मीठ-साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, हे महाराज मात्र उलटे. पाणी जितकं गरम तितके बाहेर पडतात.

हिशेब करून बघा. लिटरमागे तीनशे मिलिग्रॅम कठीणता असलेलं पाणी आपल्याकडे बोअरला अगदी नेहमीचं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी दोनशेपर्यंत ठीक म्हटलंय आणि दुसरं पाणी नसेल तर सहाशेपर्यंत चालवून घेतलंय. रोज शंभर लिटर पाणी तापलं, तर वर्षाला साधारण अकरा किलो चुना त्या टाकीतून जातो. त्यातला दहावा भाग जरी आत राहिला, तरी किलोभर झाला. आता हा थर उष्णता किती पुढे जाऊ देतो? तांब्याच्या शंभराव्या हिश्शाएवढीही नाही. नळीच्या आतली तार तापत राहते, उष्णतेला बाहेर वाट मिळत नाही, नळी फुगते, एक दिवस तडकते. पाणी आतल्या भुकटीपर्यंत पोचतं आणि घरातला ब्रेकर खाली पडतो. गिऱ्हाईक फोनवर सांगतं, "गीझर लावला की लाइट जाते." त्याआधी महिनाभर टाकीतून कडकड, गुरगुर आवाज येत असतो, थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते, त्याचा तो आवाज. आजोबांचे कान इथेही उपयोगी पडले असते.

एवढ्यावर थांबत नाही. दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह थरानं जाम होतो, हे सगळ्यात वाईट, कारण तो जाम झालेला कुणाला कळत नाही. वॉशिंग मशीनच्या आत येणाऱ्या पाण्याची जाळी भरते, हीटर असेल तर त्याचं गीझरसारखंच होतं, कपडे खरखरीत निघतात आणि लोक दुप्पट पावडर टाकून प्रश्न दुप्पट करतात. शॉवरची भोकं बुजतात. कूलरच्या जाळ्या खडखडीत होतात. वाफेची इस्त्री पांढऱ्या शर्टावर पांढरं आणि काळ्या शर्टावर फार जास्त पांढरं ओकते.

यावर औषध नाही असं नव्हतं. ॲबर्डीनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी १८४१ सालीच पेटंट घेतलं होतं: जड पाण्यात मोजून चुन्याची निवळी घालायची, की पाण्यातला चुना आणि घातलेला चुना दोन्ही तळाशी बसतात. चुन्यानं चुना काढायचा. १८५० च्या आसपास थॉम्पसन आणि वे या इंग्रजांना शेतातल्या मातीचा अभ्यास करताना दिसलं की माती एक क्षार धरून ठेवते आणि त्याच्या बदल्यात दुसरा सोडते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत रॉबर्ट गान्स यांनी त्या तत्त्वावर कृत्रिम झिओलाइट वापरून पाणी मऊ करायची रीत बसवली: कॅल्शियम धरायचं, सोडियम सोडायचं, आणि झिओलाइट थकलं की मिठाच्या पाण्यानं त्याला पुन्हा ताजंतवानं करायचं. १९३५ मध्ये इंग्लंडात त्यासाठी रेझिन निघाली. सोसायट्यांच्या टाकीशेजारी उभे असलेले सॉफ्टनरचे पिवळे-निळे पिंप याच घराण्यातले.

आता गंमत बघा. झिओलाइट निसर्गातही सापडतं, आणि त्याचे उत्तम स्फटिक मिळण्याचं जगप्रसिद्ध ठिकाण कोणतं? आमची वाघोली. तिथल्या दगडखाणींत बेसाल्टच्या पोकळ्यांमधून स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट निघतं. शेजारी ॲपोफिलाइट, आणि निळंशार कॅव्हनसाइट, ज्याच्यासाठी परदेशातले संग्राहक जीव टाकतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असले दगड काचेत मांडलेले आहेत. खडकातून गेलेल्या पाण्यानंच ते स्फटिक पोकळ्यांत घडवले. त्या खाणींच्या आसपास आता बारा-बारा मजली इमारती आहेत, नळाला जड पाणी आहे, आणि सॉफ्टनरमधलं रेझिन बाहेरून विकत येतं. नैसर्गिक दगड घरात ठेवून पाणी मऊ होणार नाही, हे आधीच सांगतो. एका उत्साही चेअरमनसाहेबांनी मला विचारलं होतं.

सॉफ्टनरचंही सांगायला हवं. तो चालतो, चांगला चालतो, पण त्याला मीठ लागतं. खडेमिठाचं पोतं आणायचं, विरघळवायचं, ठरल्या वेळी उलटं पाणी मारायचं, हे काम वॉचमनकडे असतं आणि वॉचमन बदलला की थांबतं. रेझिन थकतं, पाणी पहिल्यासारखं जड येऊ लागतं, तरी सगळे निर्धास्त असतात, कारण पिंप तिथेच उभं आहे. दुसरं म्हणजे ते खारट धुवण. बऱ्याच ठिकाणी ते सरळ गटारात जातं, काही ठिकाणी काटकसर म्हणून बागेत. बागेत सोडलं तिथे कढीपत्ता, जास्वंद वर्षभरात माना टाकतात. ते पाणी पुन्हा जमिनीत मुरतं. ज्या बोअरचं पाणी मऊ करायला मीठ आणलं, त्याच बोअरच्या डोक्यावर मीठ ओतायचं, याला काय म्हणावं?

सोलरची कथा थोडी वेगळी. पुणे महापालिका सौर बंबाला मिळकतकरात सूट देते, त्यामुळे गच्च्यांवर ते भरपूर दिसतात. सपाट काचेच्या जुन्या पद्धतीत तांब्याच्या अरुंद नळ्यांतून पाणी फिरतं. खडकवासल्याच्या पाण्यावर त्या वर्षानुवर्षं टिकतात. बोअरच्या पाण्यावर भरून घट्ट होतात. कापून बघितली तर मधून उदबत्तीची काडी जाईल एवढी वाट उरलेली असते. काचेच्या नळ्यांची नवी पद्धत तिथे बरी, नळी उपसून आतून साफ करता येते. बिल्डर लोक मात्र जे स्वस्त मिळालं ते लावतात आणि करसवलत घेतात.

शहर वाढलं तसं ते डोंगराच्या पाण्यापासून लांब सरकलं. २०२१ मध्ये तेवीस गावं महापालिकेत आली, त्यांत वाघोली, पिसोळी, नऱ्हे आहेत. खुद्द खडकवासला गावही त्यातच आलं. ज्या नऱ्ह्याकडून नानांनी सदाशिव पेठेला पाणी आणलं, तिथल्या सोसायट्यांत मी टँकरच्या पाण्यावर चाललेले गीझर उघडतो. टँकर कुठल्या विहिरीवर भरला ते ड्रायव्हर सांगत नाही, एलिमेंट सांगतं.

मी माझ्या परीनं एवढंच करतो. बोअरचं पाणी असेल तर थर्मोस्टॅट पंचावन्न-साठच्या वर ठेवू देत नाही. वर्षातून एकदा टाकी रिकामी करून, एलिमेंट काढून, लिंबाच्या सताच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवतो. संडासाचं ॲसिड ओतून गीझर साफ करणारे कारागीर आहेत. त्यांच्या हातून थर जातो आणि तांबंही जातं. मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर बदलतो. कवचावर मार्करनं महिना-साल लिहून ठेवतो. आणि तीन लिटरचे, प्लॅस्टिकच्या कवचात दोन्ही अर्धे चिकटवून बंद केलेले जे छोटे गीझर आता येतात, ते घेऊ नका असं सांगतो, कारण ते उघडता येत नाहीत. लोक ऐकतात, मान डोलावतात आणि तेच घेतात. दिसायला छान असतात.

या कामाला लोक मला कधी बोलावतात? पावसाळ्यात कुणी बोलावत नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. कोजागरी झाली की फोन सुरू होतात आणि वसुबारसेपर्यंत मला जेवायला सवड नसते. प्रत्येकाला गीझर नरकचतुर्दशीच्या आत साफ करून हवा असतो. एका गिऱ्हाईकाच्या सूनबाईंनी परवा गीझरला झेंडूची माळही घातली. मी ती थोडी सरकवली, सेफ्टी व्हॉल्व्हवर येत होती.